आमची तपासणी

‘तपासणी’ हा शब्द कानीं पडतांच ज्याच्या छातीचा ठोका चुकत नाहीं असा मास्तर आम्हीं आजवर पाहिलेला नाहीं. आम्ही स्वतः गेलीं अठ्ठावीस वर्षें मास्तरकीच करीत आहों. तिला प्राध्यापकी असें भारदस्त नांव असलें तरी खडूची धूळ तीच आणि पोटांतला गोळाही तोच. गेल्या चैत्रांत एके सकाळीं आमच्या नांवें एक पत्र आलें. आतां पत्रही पोस्टमन आणीत नाहीं, तें मोबाइलच्या पडद्यावर आपोआप उगवतें. आपण तयार केलेला ऑनलाइन अभ्यासक्रम इतर महाविद्यालयांतील तीन समव्यवसायी अध्यापकांकडून तपासला जाणार आहे, तरी सोबतच्या तक्त्याप्रमाणें सर्व सिद्धता सहा आठवड्यांच्या आंत करून ठेवावी, असा त्याचा आशय होता. सोबतचा तक्ता एकोणीस पानांचा होता.

हा अभ्यासक्रम आमच्या हातून कसा झाला तें प्रथम सांगितलें पाहिजे. आमचा विषय इतिहास. त्यांतही कापूस आणि आगगाडी. १८५३ सालीं निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं दिला, त्याच वर्षीं मुंबईहून ठाण्यास पहिली गाडी धांवली, आणि १९०३ सालीं वऱ्हाड मध्यप्रांतास जोडला गेला. या पन्नास वर्षांत आमच्या या काळ्या मातीचें काय झालें, हें आम्ही वर्षानुवर्षें मुलांस सांगत आलों. २०१७ च्या जुलैंत केंद्र सरकारनें ‘स्वयम्’ नांवाचें ऑनलाइन शिक्षणाचें दालन उघडलें तेव्हां आम्हीं त्याकडे पाहून नाक मुरडलें होतें. पुढें २०२० सालीं महामारीनें वर्गांचीं दारें लावलीं आणि ज्यांनीं नाकें मुरडलीं होतीं त्यांनाच तीं कॅमेऱ्यासमोर पुसून बसावें लागलें. विद्यापीठ अनुदान आयोगानें एका सत्रांतील वीस टक्क्यांपर्यंतचा अभ्यास ‘स्वयम्’वर करण्यास २०१६ सालीं मुभा दिली होती, २०२१ सालीं तीच मर्यादा चाळीस टक्क्यांवर नेली. त्या वाऱ्यासरशीं आमच्या महाविद्यालयानेंही आपले स्वतःचे ऑनलाइन अभ्यासक्रम काढावयाचें ठरविलें, आणि ज्येष्ठत्वाचा मान म्हणून पहिली पाळी आमच्यावर आली.

‘स्वयम्’नें अशा अभ्यासक्रमाचीं चार अंगें ठरविलीं आहेत: व्याख्यानाचा व्हिडिओ, वाचावयाचें लिखित साहित्य, स्वतःची परीक्षा घेण्याचे प्रश्न, आणि शंकासमाधानाचें दालन. आमचीही मांडणी त्याच धर्तीची होती. व्हिडिओ हा शब्द आमच्या पिढीस नवा नव्हे. १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर विद्यापीठ अनुदान आयोगाचे ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ नांवाचे इंग्रजी पाठ लागूं लागले, तेव्हां आम्ही बारा-तेरा वर्षांचे होतों. शेजाऱ्याच्या कृष्णधवल संचासमोर मांडी घालून आम्ही ते पाहत असूं. त्यांतलें चार आणे देखील आम्हांस समजत नसे. पण एक गृहस्थ टाय लावून आपल्याकडे पाहून बोलत आहेत आणि आपण त्यांस कांहींएक विचारूं शकत नाहीं, ही गोष्ट मात्र मनांत रुतून बसली होती. चाळीस वर्षांनीं त्या गृहस्थांच्या खुर्चींत आपणच बसूं असें तेव्हां कोणी सांगितलें असतें तर आम्ही हंसलों असतों.

आम्ही राहतों तो नागपूरच्या उत्तरेकडील भाग जरीपटका या नांवानें ओळखला जातो. मराठ्यांच्या फौजेपुढें चालणाऱ्या जरीच्या निशाणाचें हें नांव. परंतु आमच्या जरीपटक्यांत निशाणाऐवजीं दुकानांच्या पाट्या झळकतात. फाळणीनंतर सिंधमधून उठून आलेल्या कुटुंबांनीं ही वस्ती भरभराटीस आणली. आमच्या उजव्या हाताला राहणारे कापडदुकानदार आईच्या कडेवर बसून इकडे आले. आज ते ऐंशीच्या घरांत आहेत, तरी सकाळीं दुकानाची कुलुपें स्वतःच उघडतात. अशा नांदत्या वस्तींत, भर वैशाखांत, घरच्या अभ्यासिकेंत बसून आम्ही आमचीं व्याख्यानें मुद्रित केलीं. नागपूरचा वैशाख ज्यांनीं भोगला आहे त्यांस अधिक सांगणें नलगे. पारा पंचेचाळीस अंशांच्या वर, आणि कूलरचा आवाज मुद्रणांत येतो म्हणून कूलर बंद! वाळ्याच्या ताट्यांचा ओला सुगंध जसजसा विरत जाई तसतसा आमचा लॉर्ड डलहौसी घामानें निथळूं लागे. मध्येंच भाजीवाल्याचा कर्णा, मध्येंच कचरागाडीचें गाणें. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें १८६१ नंतर वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला, या वाक्याच्या ऐन मध्यावर ‘टमाटर बीस रुपये’ ही घोषणा आम्हीं तीन वेळां ऐकली व तीन वेळां तें वाक्य पहिल्यापासून म्हटलें.

एकोणीस पानांचा तक्ता घेऊन आम्ही बसलों. अशा तक्त्यांचें मूळ पुष्कळसें अमेरिकेंत आहे. तिकडील मेरीलँड राज्यांतल्या महाविद्यालयांनीं २००३ च्या सुमारास ‘क्वालिटी मॅटर्स’ या नांवाची एक योजना काढली. एका महाविद्यालयाचा ऑनलाइन अभ्यासक्रम दुसऱ्यांतल्या अध्यापकांनीं ठरीव कसोट्या लावून तपासावा, आणि तपासावयाचा तो अभ्यासक्रम, अध्यापक नव्हे, अशी तिची धाटणी. ही दुसरी अट वाचून आमचा जीव भांड्यांत पडला. पण पहिल्याच पानावर आम्ही अडखळलों. प्रत्येक पाठाचें उद्दिष्ट लिहावयाचें, तें मोजतां येईल अशा क्रियापदानें. ‘समजेल’, ‘कळेल’, ‘आकलन होईल’ हीं क्रियापदें वर्ज्य. बेंजामिन ब्लूम या शिक्षणपंडितानें १९५६ सालीं आपल्या सहकाऱ्यांसह ज्ञानाच्या पायऱ्यांचें जें वर्गीकरण केलें, त्यावरून पुढें अशा क्रियापदांच्या याद्या निघाल्या: सांगेल, ओळखेल, तुलना करील, रचील. आमच्या अठ्ठावीस वर्षांच्या टिपणांत प्रत्येक पाठाच्या माथ्यावर ‘विद्यार्थ्यांस समजेल’ एवढेंच लिहिलेलें. तें सर्व खोडण्यांत दोन दिवस गेले. पहिला दिवस आम्हीं केवळ रागांत घालविला. दुसऱ्या दिवशीं ‘कापसाच्या तेजीचीं कारणें समजेल’ हें खोडून ‘१८६५ नंतर भाव कां उतरला हें तीन कारणांनिशीं सांगेल’ असें लिहिलें, आणि तीं तीन कारणें कोणतीं हें आम्हींच कोठें धड सांगितलेलें नाहीं असें आढळलें! दोनच होतीं. तिसरें आम्ही वर्गांत हातवाऱ्यानें सांगत असूं.

आमचे आजोबा भंडारा जिल्ह्यांतील एका खेड्यांत मास्तर होते. डेप्युटीसाहेब यावयाचे म्हणजे आठवडाभर आधीं शाळा सारवून निघे, आणि तपासणीच्या दिवशीं वर्गांतलीं मठ्ठ पोरें शेतावर पाठविलीं जात. हें आजोबाच हंसत हंसत सांगत. ती वरिष्ठाची तपासणी होती. तेथें शिस्तीचा धाक होता आणि म्हणूनच लपवाछपवीही होती. मराठी क्रमिक पुस्तकें तर एका काळीं मेजर कँडीसाहेबांच्या नजरेखालून गेल्यावांचून छापलीं जात नसत. कोशाच्या कामांतला त्यांचा व्यासंग मोठा, मराठींत विरामचिन्हें रुजविल्याचें श्रेयही त्यांचें. पण आपल्या भाषेचें माप परक्याच्या हातीं असावें याचा सल आमच्या शास्त्रीमंडळींस होताच. समव्यवसायीची तपासणी ही वेगळी चीज आहे. तेथें धाक नाहीं. धाकाच्या जागीं भीड आहे, आणि भीड ही धाकाहून वाईट. तीन परीक्षकांपैकीं एक आमचे जुने स्नेही निघाले. त्यांचा फोन आला, “प्रोफेसर, काळजी करूं नका. पुढच्या वर्षीं आमचा कोर्स तुमच्याकडेच यायचा आहे.” ते हंसले, आम्हीही हंसलों. फोन ठेवल्यावर पंचवीस वर्षांच्या स्नेहाचें एवढेंच मोल उरलें काय असें वाटून आम्ही कांहीं वेळ गप्प बसलों. गप्प बसलों एवढेंच. त्यांस उलट उत्तर आम्हीं दिलें नाहीं.

आणि आमचे हात तरी कोठें स्वच्छ होते? शंकासमाधानाचें आमचें दालन ओसाड होतें. बारा आठवड्यांत मुलांनीं चारच शंका विचारल्या, त्यांतल्या तीन परीक्षेच्या तारखेविषयीं. तक्त्यांत मात्र ‘विद्यार्थ्यांचा सहभाग’ या रकान्यास भरपूर गुण. मग आम्हीं काय केलें? आमचा एक भाचा अभियांत्रिकीस आहे. त्यास आणि त्याच्या दोघां मित्रांस बोलावून, चहा-चिवडा देऊन, वीस शंका विचारावयास सांगितलें. त्यांनीं त्या विचारल्या. आम्हीं त्यांचीं विद्वत्तापूर्ण उत्तरें लिहिलीं. मठ्ठ पोरें शेतावर पाठविणाऱ्या आजोबांचें रक्त आमच्यांत वाहत आहे याचा पुरावा हवा असेल तर तीं वीस उत्तरें पाहावीं.

तक्त्याच्या अकराव्या पानावर एक कलम होतें: अभ्यासक्रमांतील प्रत्येक चित्र, आलेख व नकाशा ज्यास दिसत नाहीं अशा विद्यार्थ्यासही कळावा म्हणून त्याचें वर्णन शब्दांत दिलेलें असावें. आम्ही हें कलम ओलांडून पुढें जाणार होतों. आमच्या अभ्यासक्रमांत नकाशा एकच, पांचव्या पाठांतला. वीस वर्षांपूर्वीं आम्हींच कापडावर रंगविलेला, वर्गांत खिळ्यावर टांगून टांगून कडा फाटलेला. व्हिडिओंतही आम्हीं तोच कौतुकानें दाखविला होता. तरी एकदां पाहावें म्हणून तो पाठ लावला. पडद्यावर आम्ही छडी हातीं घेऊन उभे आणि सांगत आहों, “मुंबईहून ही मुख्य वाट इथून अशी आली, आणि इथून हा फांटा इथें गेला.” आम्हीं मोजलें. बावीस मिनिटांत आम्हीं सतरा वेळां ‘इथें’ किंवा ‘इथून’ म्हटलें होतें.

सतरावें ‘इथें’ ऐकलें आणि सात-आठ वर्षांपूर्वींचा एक वर्ग डोळ्यांपुढें उभा राहिला. तिसऱ्या बाकावर एक मुलगा बसत असे. त्यास जन्मापासून दिसत नव्हतें. टिपणें घेण्याऐवजीं तो मोबाइलवर आमचें व्याख्यान मुद्रित करून घेई. हाच पाठ, हाच नकाशा. तो उठून म्हणाला, “सर, तुम्ही ‘इथं’ म्हणता, पण इथं म्हणजे कुठं जी?” वर्गांत हंशा पिकला. त्या हंशांत आम्हीही होतों, ही गोष्ट आजवर आम्हीं कोणास सांगितलेली नाहीं. “तास संपल्यावर ये, समजावून सांगूं,” असें म्हणून आम्ही पुढें गेलों. तास संपल्यावर आम्हांस कसली तरी सभा होती. तो आला असेल किंवा नसेलही. त्यानें पुन्हां कधीं कांहीं विचारलें नाहीं, एवढें खरें.

त्या रात्रीं आम्ही नकाशाचें वर्णन लिहावयास बसलों. अर्ध्या तासाचें काम, असा अंदाज होता. आम्हीं लिहिलें: भुसावळ सोडल्यावर मुख्य मार्ग मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगांव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, वर्धा या क्रमानें पूर्वेस सरकतो आणि १८६७ सालीं नागपुरास पोहोंचतो. कापसाच्या दोन मोठ्या पेठा, अमरावती आणि खामगांव, या मुख्य मार्गापासून बाजूस पडल्या. म्हणून त्यांस जोडणारे दोन लहान फांटे १८७० च्या सुमारास घातले गेले. अमरावतीचा फांटा बडनेऱ्याहून निघतो. खामगांवचा फांटा सात-आठ मैलांचा, तो शेगांवहून…

येथें लेखणी थांबली. नकाशावर तांबडी रेघ शेगांवहूनच निघाली होती, स्पष्ट, जाड. वीस वर्षें आम्हीं तिच्यावर छडी ठेवली होती. पण ‘शेगांवहून’ हा शब्द कागदावर उतरला तो डोळ्यांस खुपूं लागला. उठून जुनें गॅझेटिअर काढलें, रेल्वेचें वेळापत्रक पाहिलें. खामगांवचा फांटा जलंबहून निघतो. शेगांव हें त्याच्या शेजारचें स्टेशन. चूक कशी झाली तेंही तत्क्षणीं उमगलें. लहानपणीं आम्ही आईबरोबर गजानन महाराजांच्या दर्शनास शेगांवास उतरत असूं आणि तेथून मोटारीनें खामगांवला मावशीकडे जात असूं. आमच्या मनांतला रस्ता शेगांवहून खामगांवला जाई. तोच आम्हीं रेल्वेच्या तांबड्या रंगानें रंगविला.

वाचक म्हणतील, एका स्टेशनाची चूक ती काय! आम्हीही तसेंच म्हणून पाहिलें. पण या प्रश्नावर आम्ही दरवर्षीं परीक्षेंत नकाशा काढावयास सांगत असूं, पांच गुणांस. बुलढाणा जिल्ह्यांतलीं मुलें आमच्याकडे पुष्कळ येतात. त्यांतल्या कोणीं तरी जलंबहून फांटा काढला असेल आणि आम्हीं त्यावर तांबड्या शाईनें काट मारली असेल. आम्हांस तशी एक उत्तरपत्रिका आठवते; कीं आतां ती आठवल्यासारखी वाटते, कोण जाणे. रात्रीं एक वाजेपर्यंत आम्ही जुने गठ्ठे शोधीत होतों. गठ्ठे कधींच रद्दींत गेलेले.

सकाळीं कापडदुकानदार शेजारी फाटकाशीं भेटले. रात्रभर दिवा कां होता असें त्यांनीं विचारलें. आम्हीं सारा प्रकार सांगितला. ते म्हणाले, “प्रोफेसर साहब, लोहे का मीटर भी घिसता है. इसीलिए तो सरकार ठप्पा लगाती है.” आम्हीं म्हटलें, आमचा मीटर झिजलेला नव्हता, मुळांतच चुकीचा कापलेला होता. यावर त्यांनीं थोडा विचार केला आणि विचारलें, “तो अब तक जिनको कपड़ा कम गया, उनका क्या?” हा मनुष्य व्यापारी आहे, प्रश्न नेमका विचारतो.

आमच्या स्नेह्यांस फोन केला. ते म्हणाले, “एवढंच ना? रेघ पुसा, नवी काढा, व्हिडिओ बदला. कोणाला कळणार आहे?” हें खरेंच होतें. आमच्या घरांतूनही जवळजवळ हाच सल्ला मिळाला. फरक इतकाच कीं त्याच्या शेवटीं “पण तुम्हांला झोंप येईल का, तें पाहा,” एवढें एक वाक्य अधिक होतें. शेवटीं आम्हीं व्हिडिओ नव्यानें करावयाचें ठरविलें. त्याच्या आरंभीं स्वतःच्या तोंडानें सांगावयाचें कीं, २००४ पासून या वर्गांत दाखविलेला नकाशा चुकीचा होता, फांटा शेगांवहून नसून जलंबहून आहे, आणि या प्रश्नांत ज्यांचे गुण गेले त्यांचा आमच्यावर दावा आहे. तिन्ही परीक्षकांसही तसें लिहिलें. त्याच पत्रांत त्या वीस शंकांची हकीकतही लिहिली. तें वाक्य मात्र चार वेळां खोडून पांचव्यांदां लिहिलें गेलें. दालनांतून त्या शंका आम्हीं काढून टाकल्या. चारच उरल्या. भाचा रागावला, एका शंकेसाठीं त्यानें खरोखरच वाचन केलें होतें म्हणे. ती एक ठेवली.

मग नकाशाचें वर्णन पुन्हां लिहिलें, साडेतीनशें शब्दांचें. कोणत्या दिशेस किती मैल, कोणत्या गांवानंतर कोणतें गांव, पेठ कोठें, नदी कोठें. लिहितां लिहितां आणखी एक गोष्ट ध्यानांत आली, जी वीस वर्षें छडी फिरवून आली नव्हती. युद्ध संपलें १८६५ सालीं; गाडी नागपुरास आली १८६७ सालीं; फांटे त्याच्याही मागून. म्हणजे तेजीचा कापूस बव्हंशीं आमच्या गाडीनें गेलाच नाहीं. तो बैलांनीं वाहिला. नकाशावर सर्व रेघा एकाच वेळीं दिसतात, तारखा दिसत नाहींत. पाठाचा निम्मा युक्तिवाद आम्हांस पुन्हां मांडावा लागला.

वर्णन पुरें झालें, पण तें उतरलें आहे कीं नाहीं हें सांगणार कोण? आम्ही डोळे मिटून ऐकून पाहिलें. पण ज्यास नकाशा पाठ आहे त्यानें डोळे मिटून काय कळणार? कार्यालयांतील जुन्या नोंदींतून त्या मुलाचा क्रमांक मिळविला. तो आतां वर्ध्यास एका बँकेंत नोकरीस आहे. आम्हीं नांव सांगतांच त्यानें “नमस्कार सर” म्हटलें; आवाजावरूनच ओळखलें असावें. आम्हीं काम सांगितलें, वर्णन मुद्रित करून पाठविलें. त्या जुन्या तासाविषयीं बोलावें असें मनांत होतें, पण फोनवर तें जमलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं त्याचा फोन आला. वर्णन ठीक आहे, परंतु मूर्तिजापूरनंतर दिशा सांगावयाची राहिली आहे, तेवढी घालावी, असें त्यानें सुचविलें. मग जरा थांबून म्हणाला, “सर, जलंबची चूक तुम्ही स्वतः सांगितली, मी ऐकली. तेव्हां तुम्ही नुसतं ‘इथून’ म्हणाले. ‘शेगांव’ म्हणाले असते तर मी तिथंच सांगितलं असतं जी. खामगांव माझ्या मामाचं गांव. जलंबलाच तर गाडी बदलत होतो आम्ही.”

आम्हीं विचारलें, “त्या दिवशीं तास संपल्यावर तूं आला होतास काय रे?”

“आलो होतो सर. तुमच्या खोलीला कुलूप होतं.”

मूर्तिजापूरनंतरची दिशा घालण्यासाठीं पांचवा पाठ चौथ्यांदां मुद्रित करावा लागला. त्या दिवशीं पारा शेहेचाळीसवर होता. कूलर बंद केला, खिडकी लावली, आणि भाजीवाला गल्लीच्या टोकापलीकडे जाईपर्यंत आम्ही कापडी नकाशापुढें थांबून राहिलों. तांबडी रेघ खोडून नवी काढली होती. जुनीचा डाग कापडावरून कांहीं केल्या निघाला नाहीं.